दाजींच्या डुकराचं हँडल

मी एक जुना लोखंडी दांडा आहे, मित्रांनो, आणि चांगल्या धडधाकट माणसांची मनगटं मी मोडलेली आहेत. घाबरू नका. सध्या मी रोह्याच्या पोलीस ठाण्यातल्या एका कोठीत पडून आहे. कमरेला सुतळीनं चिठ्ठी बांधली आहे, त्यामुळे माझ्यापासून तुम्हाला काही धोका नाही.

गाडीवाले मला हँडल म्हणतात. आताच्या गाड्यांना मी लागत नाही, म्हणून तुम्ही मला पाहिलं नसेल. पूर्वी गाडीच्या तोंडातल्या भोकात मला खुपसायचे आणि ताकद लावून गरकन फिरवायचे. मग झोपलेलं इंजिन खोकत-थुंकत जागं व्हायचं. कधी कधी मात्र ते उलटी लाथ मारी, आणि ती लाथ माझ्यातून थेट फिरवणाऱ्याच्या हातात जाई. हाड मोडल्याचा आवाज सुक्या काटकीसारखाच येतो. मला तो चांगला ओळखता येतो.

माझा जन्म पेणजवळच्या गडब गावातल्या एका लोहाराकडे झाला. मी बैलगाडीच्या मोडक्या आसाचा तुकडा होतो. लोहारानं मला भट्टीत लाल केलं, ऐरणीवर धरलं आणि घणानं असं बडवलं की मी दोन ठिकाणी वाकलो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी तर घणाचे सोसले, पण देवपण काही मिळालं नाही, मिळालं ते काळं ग्रीस.

मला करून घेणारे होते पेणच्या रामवाडीतले दाजी घरत. त्यांच्या घराण्यानं खाडीकाठच्या मिठागरांत पिढ्यान् पिढ्या मीठ ओढलं. दाजींना मात्र चाकांचं वेड. पेणच्या एका डॉक्टरांनी म्हातारपणी आपली फियाट विकायला काढली, ती दाजींनी घेतली. गाडीचं मूळचं हँडल खाडीच्या चिखलात हरवलेलं होतं, म्हणून मी आलो. पुढून गोल, बुटकी, फुगीर गालांची ही गाडी. तिला सगळीकडे 'डुक्कर फियाट' म्हणत. दाजींच्या घरी तर फियाट हा शब्दही गळून पडला आणि राहिला नुसता 'डुकर'. "डुकर धुतला काय?" "डुकर दारात लाव." असं ते घर बोलायचं.

दाजींच्या बायकोला, गिरजाबाईंना, हे नाव मुळीच पसंत नव्हतं. गणपतीच्या आधी हमरापूरहून मूर्ती आणायला दाजी हीच गाडी काढायचे. देवाला डुकरातून आणता, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, असं त्या दरवर्षी विचारायच्या. दाजींचं उत्तरही दरवर्षी एकच. "वराह पन देवाचाच अवतार हाय गो." गिरजाबाई हसू लपवायला तोंड फिरवायच्या आणि मूर्ती मांडीवर घेऊन बसायच्या.

याच गाडीच्या मागच्या सीटवर त्यांची मुलगी जन्मली. दवाखाना गाठायच्या आधीच, खाडीच्या बांधावर. तिचं नाव नमिता. त्या दिवशी इंजिन बंद पडलं होतं आणि दाजींनी पावसात, चिखलात मला वेड्यासारखं फिरवलं होतं. आज गिरजाबाई नाहीत. दाजी गाडीला इतकं का जपतात, हे तुम्हाला आता वेगळं सांगायला नको.

माझी दहशत एका लग्नात पसरली. नवरदेवाचा मेहुणा मोठा शहाणा. सगळ्यांसमोर हँडल मारून दाखवतो म्हणाला आणि मला मुठीत गच्च आवळून फिरवलं. इंजिनानं लाथ घातली. त्याचं मनगट मागं वळलं, मांडवात किंकाळी उठली आणि वरातीऐवजी गाडी आधी दवाखान्यात गेली. तेव्हापासून दाजी कुणाला माझ्या जवळ येऊ देत नसत. नमिता मोठी झाल्यावर मात्र त्यांनी तिला शिकवलं. तिची चार बोटं माझ्याभोवती वळवली आणि अंगठा उचलून बोटांच्याच बाजूला ठेवला.

"अंगठा गुंडाळू नको," दाजी म्हणाले. "गुंडाळलास त हँडल तुला धरतो. मोकळा ठेवलास त लाथ आली की हात आपोआप सुटतो."

पुढं गाडीला बटणानं चालू होणारा सेल्फ बसला आणि माझे दिवस फिरले. मी सीटखाली पडलो. माझ्यावर गंज चढला, शेंगदाण्याची टरफलं साचली. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय. मला फार वाईट वाटायचं. इंजिन वर आरामात गुरगुरायचं आणि मी खाली त्याच्या थरथरीनं खुळखुळत राहायचो.

मग रामवाडीत एकाच्या दारातून नवी कोरी गाडी चोरीला गेली आणि दाजींची झोप उडाली. त्यांनी डुकराला साखळदंड घातला, तो खारट हवेनं गंजला. कुत्रा पाळला, तो येईल त्याच्या हातचा पाव खाऊन शेपटी हलवू लागला. शेवटी दाजींनी एक दिवस सेल्फच काढून टाकला. गाडीची कळ इतकी झिजलेली होती की कुठल्याही चावीनं फिरायची. पण हँडल कुठून आणणार? तेव्हापासून मी दाजींच्या हातात. बाजारात मी, बारशाला मी, मयतीलाही मी. लोक हसायचे. दाजी म्हणायचे, माझा डुकर घरी असला तरी त्याचं काळीज मी बरोबर घेऊन फिरतो. त्या दिवसांत मी सुखी होतो, मित्रांनो. त्यांच्या तळहाताच्या घामानं माझा गंज गेला आणि मी पुन्हा चकाकू लागलो.

अशात एक दिवस प्रणित नावाचा तरुण घरी आला. लग्नाचे फोटो काढतो, त्यासाठी अशी जुनी गाडी भाड्यानं हवी आहे, असं त्यानं सांगितलं. गोड बोलला, दाजींच्या हातचा चहा प्याला, गाडीभोवती फिरून फिरून फोटो काढले. कौतुकानं दाजी विरघळले. त्यांनी मला भोकात घातलं आणि एका झटक्यात इंजिन चालू करून दाखवलं. प्रणितनं सगळं नीट पाहिलं. फक्त अंगठा पाहिला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. नमिता लग्न होऊन रोह्याला गेली आहे, तिथल्या कंपनीत ती शिफ्टला जाते. त्यामुळे पालखीला दाजी दरवर्षी डुकर घेऊन लेकीकडे येतात. त्या वर्षीही आले. जावई हरेश मात्र घरी नव्हता. रोह्याच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या कडेला त्याचं गाव आहे. भात पिकून उभं होतं आणि रानडुकरं रोज शेतात घुसून नासाडी करत होती. त्यातल्या एका दांडग्या सुळेवाल्यानं हरेशच्या चुलतभावाची मांडी फाडली होती. गाव नुसतं पेटलं होतं. दिवस कलायला लागला की गडी भाले, कोयते, काठ्या घेऊन बांधावर बसायचे. हरेशही आईच्या मदतीला तिकडं गेला होता.

दुपार टळल्यावर दाजी आणि नमिता पालखीला निघाले. गाडी नमिताच्या आळीत उभी, मी दाजींच्या हातात. गर्दीच्या तोंडाशी एका हवालदारानं त्यांना अडवलं. आजोबा, पालखीत लोखंड घेऊन कुठं निघालात, गाडीत ठेवून या, असं तो समजुतीनं म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. दाजी परत फिरले, त्यांनी मला ड्रायव्हरच्या सीटखाली सारलं आणि दार ओढून घेतलं. त्यांची पावलं जड पडत होती, ती मला ऐकू येत होती.

त्यांच्या पाठोपाठच प्रणित आला, पेणपासून तो डुकराच्या मागावर होता. बरोबर त्याचा जोडीदार साईराज. साईराज आळीच्या तोंडाशी राखणीला थांबला. प्रणितनं कुठलीशी चावी कळीत फिरवली, मला बाहेर काढलं, भोकात घातलं आणि मुठीत गच्च आवळलं. अंगठा आत.

मी वाट पाहिली. त्यानं मला अर्धवट फिरवलं आणि इंजिनानं लाथ घातली. मी उलटा गरगरलो, त्याचा अंगठा मुळातून फाटला, मनगटाचं हाड आतल्या आत तुटलं. तो इतका ओरडला की सगळी आळी गोळा व्हायला हवी होती. पण तेवढ्यात पालखी चौकात आली, ढोल-सनईचा खालुबाजा वाजायला लागला आणि त्या आवाजात त्याची किंकाळी विरून गेली. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही.

पण साईराज धावत आला. प्रणितला त्यानं मागच्या सीटवर ढकललं. जोडीदाराचा लोंबता हात पाहून तो इतका घाबरला होता की मला त्यानं तापल्या तव्यासारखं, नुसत्या बोटांनी धरलं. नेमकं तेच बरोबर होतं. इंजिन चालू झालं. शहाणपण जिथं हरलं तिथं भीती जिंकली, आणि आम्ही चोरीला गेलो.

दाजींना तहान लागली म्हणून नमिता पाणी न्यायला घरी परतत होती. आळीच्या वळणावर तिला आमची पाठ दिसली. तिनं हाका मारल्या, पण साईराजनं गाडी दामटली. मोठा रस्ता पालखीच्या गर्दीनं भरलेला, म्हणून त्यानं आतल्या गावांची वाट धरली. ती वाट नमिताच्या सासरच्या गावावरून जाते. तिनं लगेच सासूला, बायजाबाईंना, फोन लावला. पुढचं बोलणं मला नंतर कळलं, ठाण्यात जबाब लिहिताना दोघींनी ते माझ्यासमोरच सांगितलं.

"आई, डुकर पळवला!" नमिता ओरडली. "तुमच्याच वाटंन येतोय, आडवा त्याला!"

मागं खालुबाजा वाजत होता. त्या बाजात एक 'व' बुडाला आणि बायजाबाईंनी ऐकलं, 'डुकर पळाला.' त्यांनी विचारलं, कुठला गो? नमिता म्हणाली, "आपलाच, दुसरा कुठला?" आणि फोन तुटला. आपलाच म्हणजे मांडी फाडणारा सुळेवाला, यात बायजाबाईंना काडीचीही शंका आली नाही. डुकराची बातमी रोह्यातून कशी आली, हे विचारायला सवड कुणाला होती? त्यांनी पदर खोचला आणि बांधावर उभं राहून हाळी दिली.

तिन्हीसांजेला आम्ही त्या गावाच्या वळणावर पोचलो. वाटेच्या दोन्ही अंगांच्या झाडांना डुकराचं जाळं ताणून बांधलेलं होतं. साईराजला ते दिसलं तेव्हा उशीर झाला होता. डुकर तोंडानं जाळ्यात घुसला, एक झाड कडाडून वाकलं, समोरची काच फुटून सगळी सीटवर आली. गाडी तिरकी होऊन भाताच्या खाचरात उतरली. त्याच क्षणी दोन्ही बांधांवरून दगड आले. एक भाला खणकन पत्र्यात शिरला. डबे बडवत, आरोळ्या ठोकत गाव धावून आलं आणि गाडीसमोर येऊन गपकन थांबलं.

"अरे थांबा," हरेश सगळ्यांत पुढं होता, तो ओरडला, "ह्यो त माझ्या सासऱ्याचा डुकर हाय!"

त्याचं बोलणं पुरतं झालं नाही. साईराजनं दार लाथाडलं, मला हातात घेऊन तो बाहेर उडी मारून आला आणि हरेशच्या कपाळावर त्यानं मला घातलं. मी ज्या हाडावर आपटलो ते हरेशचं होतं. दाजींच्या जावयाचं. गरम रक्त माझ्या वाकणातून खाली ओघळलं. हरेश आडवा पडला. साईराजनं मला तिथंच फेकलं आणि अंधारत चाललेल्या रानात तो पसार झाला.

मागं राहिला प्रणित. मोडक्या हातामुळे त्याला दारही उघडता आलं नव्हतं. गावानं त्याला फुटक्या काचेतूनच बाहेर ओढलं. कोण कुठून मारतंय, काही कळत नव्हतं. काठ्या पडत होत्या, लाथा बसत होत्या. कुणी त्याचं तोंड चिखलात दाबलं, कुणी केस धरून वर ओढलं. त्याचे पुढचे दात माझ्या जवळच येऊन पडले. तो काहीतरी सांगत होता, पण फुटक्या तोंडातून शब्द येत नव्हते. बायजाबाई लेकाचं रक्ताळलेलं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि ह्यानंच माझ्या हरेशला मारलं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्या गलक्यात घाव कुणी घातला ते कुणीच नीट पाहिलं नव्हतं. मला ठाऊक होतं. पण लोखंडाला तोंड कुठं असतं?

तेवढ्यात एकाच्या मोटारसायकलवरून दाजी आणि नमिता पोचले. दाजींनी आधी चेपलेली, फुटलेली गाडी पाहिली. मग जावयाला पाहिलं. नमिता नवऱ्याजवळ धावली. दाजी मात्र जागच्या जागी उभे राहिले. त्यांचा चेहरा मी कितीतरी वर्षं जवळून पाहिला आहे, पण त्या वेळचा चेहरा मला ओळखू आला नाही.

बायजाबाईंनी मला चिखलातून उचललं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"दाजी, गाडी तुमची, जावई तुमचा," त्या म्हणाल्या. "घाव पन तुमचाच पडूं द्या."

गाव बाजूला सरलं. प्रणित गुडघ्यांवर होता, मान खाली. दाजींनी मला घेतलं आणि दोन्ही पाय रोवून डोक्यावर उचललं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या वजनाची भीती वाटली. त्या घावात माणूस उरला नसता. आणि मारणारे दाजी असते, ज्यांच्या घामानं माझा गंज गेला होता.

त्यांनी घाव घातला. सगळ्या ताकदीनं.

पण दाजींच्या हाताला मला धरायची एकच रीत ठाऊक होती. चार बोटं वळलेली, अंगठा मोकळा. रागानं त्यांचं डोकं फिरलं होतं, डोळे फिरले होते, पण अंगठ्याची जन्माची सवय फिरली नव्हती. हात खाली येता येता मी त्या सैल मुठीतून निसटलो, प्रणितच्या कानावरून सूं करत गेलो आणि लांब भातात जाऊन रुतलो.

दाजी रिकाम्या हाताकडं पाहत राहिले. प्रणितनं डोकं वाचवायला हात वर केला होता, तो तसाच लोंबत होता. मनगट उलटं वळलेलं, अंगठा मुळातून फाटलेला. दाजी खाली वाकले. त्यांनी तो हात अलगद धरला आणि बराच वेळ पाहिला. असली जखम त्यांनी पूर्वी एका मांडवात पाहिली होती.

"ह्याचं मनगट हँडलनं मोडलंय," ते म्हणाले. "रोह्यातच मोडलंय. आसल्या हातानं ह्यानं हरेशला कसं मारलं? सांगा मना, कसं मारलं?"

हातांतल्या काठ्या एकेक करून खाली गेल्या. बायजाबाईंनी तोंडावर पदर घेतला.

गावानं खांदे लावून डुकर खाचरातून वर काढला. एक दिवा फुटलेला, पत्र्यात भाल्याचं भोक, पण इंजिन शाबूत होतं. नमितानं भातात उतरून मला शोधलं, पदरानं पुसलं आणि भोकात घातलं. तिचे हात रक्तानं आणि चिखलानं निसरडे झाले होते. तरी अंगठा मोकळाच होता. पहिल्या झटक्यात गाडी चालू झाली. दाजींनी ती दवाखान्याकडे वळवली. पुढं हरेश, मागच्या सीटवर प्रणित. ज्या सीटवर नमिता जन्मली त्याच सीटवर तिच्या बापाची गाडी चोरणारा कण्हत पडला होता. खड्डे आले की हात हलू नये म्हणून बायजाबाई त्याचं मनगट दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या.

हरेश वाचला. प्रणितही वाचला आणि दवाखान्यातून थेट कोठडीत गेला. पुढं साईराजही सापडला. खटला अजून चालू आहे, आणि मी पुरावा आहे. म्हणून इथं पडलो आहे. गडबचा तो लोहार आता नाही, आणि दुसरा दांडा करून घ्यायला दाजी तयार नाहीत. त्यामुळे रामवाडीच्या दारात डुकर मुका उभा आहे. त्याला आता कुणी चोरू शकत नाही, आणि कुणी चालवूही शकत नाही. गणपती हमरापूरहून टेम्पोतून येतो.

परवा खंडेनवमीला ठाण्यात हत्यारांची पूजा झाली. पालखीत दाजींना अडवणारा तो हवालदार कोठीत आला, घुटमळला आणि झेंडूचं एक फूल माझ्यावरही ठेवून गेला. आज पालखी आहे. दाजी सकाळीच येऊन गेले, बरोबर कपाळावर व्रण असलेला हरेश. हवालदारानं मला टेबलावर आणून दाखवलं, पण हात लावू नका म्हणाला. दाजींचा हात माझ्याजवळ येऊन हवेतच थांबला. चार बोटं वळलेली, अंगठा बाजूला.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला जपा. कुलूप लावा, साखळी लावा, हवं तर तिचं काळीज हातात घेऊन फिरा. चोर आला तर त्याला अडवाही. पण रागाच्या भरात हातात काही उचलाल, तेव्हा दाजींच्या हातासारखं धरा. अंगठा मोकळा ठेवा. गाडीचा पत्रा पुन्हा सरळ करता येतो. हरेशचं कपाळ सांधलं, पण प्रत्येकाचं सांधेल असं नाही. मला विचारा, मी ते हाड आतून ऐकलं आहे.